कपाटाचा हिरवा

हिरवा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांचे संसार सुखाचे होतात. डॉक्टर त्यांच्यातले नव्हते. संसार त्यांचाही बरा चालला होता, पण त्यात त्यांचा हात नव्हता.

डॉक्टर म्हणजे दातांचे. दिवसभर ते लोकांच्या जबड्यात डोकावत आणि पांढऱ्याच्या नाना छटांची पट्टी ओठांशी धरून, खऱ्या दाताशेजारी कोणता खोटा दात खपून जाईल ते ठरवत. या धंद्यामुळे त्यांना दोन गोष्टींचा अभिमान जडला होता. एक आपली नजर, आणि दुसरी त्या नजरेबद्दलची स्वतःची खात्री. सासूबाईंची कवळी त्यांनीच केली होती. ती घालून सासूबाई बारा महिने सांगत, की हे दात जरा पिवळेच झालेत. डॉक्टर म्हणत, वयाला शोभतात. त्या विचारत, कुणाच्या?

संध्याकाळी दवाखान्याचं शटर ओढलं की डॉक्टर सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जात. तिथे शहरातली काही पोक्त, कर्ती, कर भरणारी माणसं आगगाडीची हातभर लांबीची इंजिनं बनवत. 'खेळणं' हा शब्द त्या हॉलमध्ये आईबहिणीवरून दिलेल्या शिवीपेक्षा वाईट समजला जाई. चाकांच्या आऱ्यांवरून, चिमणीच्या उंचीवरून, शिट्टीच्या जागेवरून मंडळींचं एकमत होतं. रंगावरून मात्र मंडळात दोन तट पडले होते, आणि त्यांच्यात सलोखा व्हावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती. सलोखा झाला असता तर संध्याकाळी जायचं कुठे?

वाद होता तो पूर्वी गावातून जाणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या लाइनीचा. ती कंपनी कधीच मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, रूळ उपसले गेले, इंजिनं भंगारात तुटली. उरले ते फोटो. फोटोंत इंजिन करडं, धूर करडा, ड्रायव्हर करडा आणि त्याच्या मिशाही करड्या. ज्यांनी ती इंजिनं डोळ्यांनी पाहिली होती अशी म्हातारी माणसं मंडळाने हुडकून काढली. त्यांनी एकमुखाने सांगितलं, की इंजिन हिरवं होतं. कसलं हिरवं, असं विचारल्यावर त्यांनी विचारणाऱ्याच्याच तब्येतीची चौकशी केली.

डॉक्टरांचा हिरवा निळ्याकडे झुकलेला, खोल पाण्यासारखा होता. वकिलांचा पिवळ्याकडे झुकलेला, नव्या पानासारखा. वकील म्हणजे दुसरा तट. त्यांचा आधार होता त्यांचा मामा, जो लहानपणी त्या गाडीत बसला होता. या मामाने आयुष्यात बरंच काही पाहिल्याचं सांगितलं होतं, त्यात दोन तोंडांचं एक वासरूही होतं. पण मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, हे वकिलांना धंद्यामुळे ठाऊक होतं. डॉक्टरांचा आधार त्याहून भक्कम होता. त्यांना तसं वाटत होतं.

एकदा त्यांनी दोन्ही रंगांची इंजिनं बायकोपुढे ठेवली आणि काही न सुचवता, निःपक्षपातीपणे विचारलं, की कोणतं बरोबर वाटतं. बायको म्हणाली, एकसारखी दोन कशाला केलीत? त्यानंतर काही दिवस घरात स्वयंपाक, बिलं आणि पाहुणे या विषयांपुरतंच बोलणं झालं.

हे असंच जन्मभर सुखाने चाललं असतं. पण जुन्या स्टेशनाच्या इमारतीत एक छोटं संग्रहालय करायचं ठरलं आणि त्यांनी मंडळाकडे त्या कंपनीचं एक इंजिन मागितलं. काचेची पेटी एक, इंजिन एक, रंग एक. जो रंग पेटीत जाईल तोच पुढे शाळेच्या सहलींना दाखवला जाणार, तोच पोस्टकार्डांवर छापला जाणार, आणि जो पेटीबाहेर राहील तो एका माणसाचा भ्रम ठरणार. डॉक्टरांना पुरस्कार नको होते, हारतुरे नको होते. आपला हिरवा पेटीत हवा होता. आपण मेल्यावरही वकिलांनी तिकीट काढून तो बघावा, एवढीच त्यांची साधी इच्छा होती.

मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पन्नाशीतल्या पुरुषांना बाकावर उभं करण्याची त्यांची हातोटी अजून गेली नव्हती. त्यांनी जाहीर केलं, की नमुना आणा. मंडळाचा नियमच होता तो. ज्याचा रंगाचा नमुना, त्याने भर सभेत उभं राहून तो कुठून आला, कुणाचा, कसा, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं. याला 'उभं राहणं' म्हणत. नियम करावा लागला, कारण एका सभासदाने फार पूर्वी कंपनीच्या डब्याचा अस्सल रंग म्हणून आणलेला तुकडा शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या घराचा निघाला होता. त्यावरून तीन इंजिनं रंगवून झाली होती.

नमुना डॉक्टरांना घरातच सापडला, आणि तोही सासूबाईंच्या कृपेने.

सासूबाई लेकीकडे राहायला आल्या तेव्हा सोबत एकच सामान घेऊन आल्या होत्या, ते म्हणजे त्यांच्या माहेरचं दोन दारांचं लाकडी कपाट. माहेर म्हणजे त्याच कंपनीची रेल्वे वसाहत. त्यांचे वडील कंपनीच्या रंगखात्याचे फोरमन. अर्थात इंजिनाच्या रंगाबद्दल डॉक्टरांनी त्यांना पूर्वीच विचारून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, मी वडिलांचा डबा द्यायला जायची, इंजिनं बघायला नव्हे.

एका रविवारी कपाटाची बिजागरी ढिली झाली. दातांचं करता तर दाराचंही जमेल, असं म्हणून सासूबाईंनी जावयाला कामाला लावलं आणि लेकीबरोबर चपला घ्यायला गेल्या. डॉक्टरांनी स्क्रू काढला. बिजागरीखालून वरचा तपकिरी रंग ढलपून आला. त्याच्याखाली करडा होता, करड्याखाली मळकट पांढरा, आणि पांढऱ्याखाली, जिथे अर्ध्या शतकात ऊन पोचलं नव्हतं तिथे, हिरवा.

डॉक्टर जमिनीवर बसले. मग उठून दवाखान्यात गेले आणि दातांवरची कीट काढायची हत्यारं घेऊन आले. कुठल्याही रुग्णाच्या हिरडीशी ते इतक्या हळुवारपणे वागले नव्हते. थरामागून थर खरवडत त्यांनी नखाएवढा पापुद्रा सोडवला आणि काचपट्टीवर हिरवी बाजू वर करून चिकटवला. त्या भरात दुसरी बिजागरीही काढली, खात्रीसाठी. आणि एक पायही खरवडला, आणखी खात्रीसाठी.

अंधारात राहिलेला तेलाचा रंग पिवळट पडतो आणि उन्हात ठेवला की हळूहळू मूळ पदावर येतो, हे त्यांना माहीत होतं. काचपट्टी दवाखान्याच्या खिडकीत उन्हाला लागली. रोज थोडा थोडा पिवळा उतरत गेला. निळ्यात पिवळा, त्यात काळ्याचा थेंब, असं घोटत डॉक्टर खिडकीशी उभे राहत, आणि मागे खुर्चीत तोंड वासून बसलेला रुग्ण घशातून काहीतरी विचारत राही. एका सकाळी त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर लावलेला रंग पापुद्र्याशेजारी धरला, आणि दोघांमधली रेघ दिसेनाशी झाली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुग्णाला वाटलं, आपल्या दाढेचं काही खरं नाही.

त्या रात्री जेवताना आनंदाच्या भरात त्यांनी सगळं सांगून टाकलं. कपाटाचं खरवडणं सासूबाईंच्या आधीच लक्षात आलं होतं. घुशीने पाय कुरतडला असावा, अशी त्यांची समजूत होती. घूस समोर बसून पोळीचा तुकडा मोडते आहे हे कळल्यावर त्या आधी कपाटासाठी रागावल्या. मग डॉक्टर म्हणाले, की कपाटावरचा हिरवा हा कंपनीचाच रंग आहे यात तिळमात्र शंका नाही. तेव्हा त्या रागवायच्या थांबल्या. हे जास्त वाईट होतं.

"म्हणजे माझ्या वडिलांनी कंपनीचा रंग घरी आणला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

डॉक्टरांना असं म्हणायचं नव्हतं. त्यांना रंगाबद्दल म्हणायचं होतं. पण एकातून दुसरं निघत होतं, आणि ते त्यांच्या ध्यानात यायला टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा त्यांनाच जास्त वेळ लागला.

सासूबाईंचे वडील म्हणजे सचोटीचा पुतळा. त्यांचा फोटो कपाटाच्या वरच लावलेला होता, आणि त्यांची गोष्ट घरात प्रत्येकाला पाठ होती. कामावरून निघताना ते फाटकाशी उभे राहून काडीने नखांतला रंग कोरून काढत, कारण तो कंपनीचा. डॉक्टरांच्या लग्नात ही गोष्ट सांगितली गेली होती, आणि डॉक्टरांना पहिला मुलगा झाला तेव्हाही. आता त्याच माणसाने नखातला रंग फाटकावर ठेवून डबाभर घरी नेला, असं डॉक्टर भर सभेत उभे राहून सांगणार होते. काचपट्टीसह.

डॉक्टरांनी समजुतीचा सूर लावला. त्या काळी सगळेच आणत, ते म्हणाले. निम्म्या वसाहतीच्या बादल्या हिरव्या होत्या.

"बाकीच्यांच्या असतील बादल्या," सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात हिरवी बादली कधी नव्हती, आणि कपाटाचा रंग बाजारातून आणला होता, एवढं सांगून त्या उठल्या. ताटातलं तसंच राहिलं.

इथेच पेच होता. रंग बाजारातला असेल तर तो नमुनाच नव्हे, नुसतं कपाट. पेटीत वकिलांच्या मामाचा हिरवा जाणार. आणि रंग कंपनीचा असेल तर सासूबाईंचे वडील चोर. मधला रस्ता शोधण्यासाठी डॉक्टरांनी आठवडाभर डोकं खाजवलं. वसाहतीतलं एक घर, एवढंच म्हणावं? वकील विचारणार, कुणाचं? नाव आठवत नाही म्हणावं? वकील विचारणार, मग कपाट कुठे आहे? कपाट डॉक्टरांच्या घरात मधल्या खोलीत होतं आणि वकिलांनी त्याच्या शेजारी बसून अनेकदा चहा घेतला होता.

बायकोने या प्रश्नाचा निकाल थोडक्यात लावला. "अहो, उभे राहा की. कोण अडवतंय? मात्र गादीही तिथेच न्या, सायकलच्या दुकानावर." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, की आजोबा गेले त्याला जमाना झाला, रंग कुठला का असेना. पण आईकडे आता सांगायला तेवढी एकच गोष्ट उरली आहे, आणि ती तुम्ही खरवडून काढताय.

हे डॉक्टरांना लागलं. पण सभेला ते गेलेच. माणूस आयुष्यभर बरोबर असतो आणि त्याला ते सिद्ध करायची संधी एकदाच मिळते.

हॉल भरला होता. खालून सायकलच्या पंपाचा आवाज येत होता. वकिलांनी आधी उभं राहून मामा सांगितला आणि नवं पान सांगितलं. कोणी काही विचारलं नाही, कारण मामा सगळ्यांना तोंडपाठ होता. मग अध्यक्षबाईंनी डॉक्टरांकडे पाहून हनुवटी वर केली. डॉक्टर उठले. काचपट्टी हातात होती. ते म्हणाले, की हा नमुना एका कपाटाचा आहे.

"कुणाच्या?" वकिलांनी विचारलं. आवाजात साखर होती.

डॉक्टर पाणी प्याले. ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि रिकामा ग्लासही थोडा प्याले. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. हॉलमध्ये त्यांची बायको आली आणि तिच्या मागून, प्रत्येक पायरीला नावं ठेवत, सासूबाई.

कपाट माझं आहे, त्या म्हणाल्या. तेव्हा काय विचारायचं ते मला विचारा.

अध्यक्षबाईंनी नियम पाहिला. नियमात 'ज्याचा नमुना' असं होतं. त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि डॉक्टरांना बसायला सांगितलं. डॉक्टर लगेच बसले. वकिलांनी अतिशय आदराने विचारलं, आजी, आपले वडील रंगखात्यात होते आणि हा रंग कंपनीचा आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, तर तो आपल्या कपाटावर कसा आला?

सासूबाईंनी पदर सावरला. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात, पण गोष्ट उलटी धरून बसला आहात. कपाट माझ्या आईने रंगवलं होतं. बाजारातला कुठलाच हिरवा तिच्या पसंतीस उतरेना, म्हणून तीन डबे आणून, त्यांत आपल्या मनाचं काहीबाही घालून तिने स्वतः घोटला. पुढे कंपनीत नवी इंजिनं येणार होती. मोठ्या साहेबाला जुना रंग नको होता आणि नवा सुचत नव्हता. फोरमनला हुकूम झाला, की काहीतरी दाखव. वडिलांनी कपाटाचा खण काढला, डोक्यावर घेतला आणि कारखान्यात नेऊन साहेबासमोर ठेवला. साहेब म्हणाला, हाच.

"माझ्या वडिलांनी कंपनीचं काही घरी आणलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "चोरी झालीच असेल, तर ती कंपनीने आमच्याकडे केली."

खालच्या दुकानातला पंपही थांबला होता. वकिलांनी आयुष्यात पुष्कळ साक्षी ऐकल्या होत्या. खोटी साक्ष त्यांना वासावरून कळायची. त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, की मग त्याआधी कंपनीचा रंग कोणता होता?

सासूबाईंनी वकिलांच्या हातातल्या पत्र्याकडे पाहिलं. नव्या पानासारखा पिवळट हिरवा. "तो असेल," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बदलला."

वकिलांचं नाक खाली आलं. अपमान झाला होता यात शंका नव्हती, पण त्या अपमानात त्यांचा हिरवा खरा ठरत होता. नुसता खरा नव्हे, डॉक्टरांच्या हिरव्यापेक्षा जुना. मामा खोटा पडत नव्हता. वासराचंही काहीतरी होण्यासारखं होतं. वकील उभे राहिले आणि म्हणाले, की इतकी स्वच्छ साक्ष त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

त्यानंतर सगळं भराभर झालं. कंपनीचा इतिहास तिथल्या तिथे कपाटपूर्व आणि कपाटोत्तर अशा दोन कालखंडांत विभागला गेला. संग्रहालयाला हवं होतं ते इंजिन नंतरच्या बांधणीचं, म्हणून पेटीत डॉक्टरांचा हिरवा जाईल असं ठरलं. दुसरी पेटी मिळाली की वकिलांचा. कपाटोत्तर रंगात नेमकं 'काहीबाही' काय घातलं होतं यावर एका उपसमितीचीही नेमणूक झाली. पेटीखाली लावायच्या पाटीवर सासूबाईंच्या आईचं नाव, आणि पाटीशेजारी तो पापुद्रा, सगळ्यांना पाहता यावा म्हणून भिंगाखाली. घरी जाताना वकिलांनी सासूबाईंना हात धरून जिना उतरवला. डॉक्टर मागून काठी घेऊन चालले होते.

डॉक्टर जिंकले होते. त्यांनी ते स्वतःला दोनचारदा सांगून पाहिलं. आयुष्यभर ज्या हिरव्यासाठी ते शास्त्र, ऊन आणि नजर यांच्या बळावर भांडले, तो आता एका बाईने सांगितलेल्या, खण डोक्यावर नेल्याच्या गोष्टीवर उभा होता. आणि ती गोष्ट या घरात आजवर एकदाही सांगितली गेली नव्हती. नखांची गोष्ट लग्नात सांगितली, बारशाला सांगितली, मग खणाची कशी राहिली? हे त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, तुम्हाला पेटी हवी होती ना, मिळाली ना, मग?

संग्रहालयाचं उद्घाटन जवळ आलं, तशी सासूबाईंनी कवळी सैल झाल्याची तक्रार काढली. पाटीवर आईचं नाव असताना फोटोत दात हलायला नकोत. दुपारी दवाखाना रिकामा असताना त्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी कवळी घासली, बसवली, चावून बघायला सांगितलं. त्या चावून बघत होत्या तोवर त्यांनी दुसरं काम हातात घेतलं. पापुद्रा काचपट्टीवरून सोडवून संग्रहालयाच्या पितळी चकतीवर चिकटवायचा होता. त्यांनी पातळ पात्याने तो अलगद उचलला आणि तो उलटला म्हणून डोळ्याला भिंग लावून पाहिलं. आजवर त्यांनी आणि सगळ्या मंडळाने पापुद्र्याची वरची बाजूच पाहिली होती.

खालची बाजू लाल होती.

लाकडाची नव्हे, रंगाची लाली. विटकरी, निबर, रेड ऑक्साइड. लोखंडाला गंज चढू नये म्हणून फाटकांना, पुलांना आणि इंजिनांना पहिला हात देतात तो. लाकडी कपाटाला तो कुणी देत नाही. बाजारातून तीन डबे आणून मनासारखा हिरवा घोटणारी बाई तर नाहीच नाही. तो देतो फक्त असा माणूस, ज्याला इंजिनं रंगवण्याचा हातखंडा आहे, जो हिरव्याआधी लाल द्यायचा हे झोपेतही विसरत नाही, आणि ज्याला दोन्ही डबे फुकट आहेत.

डॉक्टरांचा हात थांबला. हा पुरावा होता, आणि असा, की ज्यापुढे कुठलाच मामा टिकला नसता. कपाटपूर्व काळ नाहीसा झाला असता. वकिलांचा हिरवा नाहीसा झाला असता. एकच रंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, डॉक्टरांचा. त्यासाठी करायचं एवढंच होतं, की पापुद्रा चकतीवर उलटा ठेवायचा.

"काय दिसलं?" खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं. त्यांचं लक्ष समोरच्या आरशात होतं, आणि आरशात डॉक्टर होते.

डॉक्टर म्हणाले, काही नाही, पापुद्रा फार पातळ आहे.

"मग नीट चिकटवा, जावईबापू. हिरवी बाजू वर." त्यांनी एकदा दात मिटून पाहिले, बरे बसले होते. "आणि असा चिकटवा, की पुन्हा कुणाला काढता येणार नाही."

डॉक्टर आरशात त्यांच्याकडे बघत राहिले. सासूबाईंनी नजर काढून घेतली नाही. मग डॉक्टरांनी ड्रॉवर ओढला, साधा गोंद बाजूला सारला आणि दाढेवर कॅप बसवायचं सिमेंट काढून काचेवर घोटायला घेतलं. ते एकदा धरलं, की कॅप काढायला दाढच फोडावी लागते.